रात्रीचा भात सकाळी खायचा की टाकायचा?

"ताई, आमच्याकडे रात्री नऊच्या सुमारास जेवणं होतात. उरलेला भात भांड्यातच झाकून ओट्यावर ठेवते आणि सकाळी सहाला तोच परतून मुलीच्या डब्यात आणि सासऱ्यांच्या नाश्त्याला देते, लग्न झाल्यापासून हेच चालू होतं. मागच्या महिन्यात नवऱ्याने एक व्हिडिओ दाखवला, शिळा भात खाऊन एक मुलगा म्हणे रात्रीत गेला. तेव्हापासून मी उरलेला भात गुपचूप टाकायला लागले. परवा सासऱ्यांना तो कचऱ्याच्या डब्यात दिसला आणि तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीयेत. त्यांचं वय 74, शुगर आहे. म्हणतात, खणखणीत गरम केलं की सगळं मरतं, आम्ही जन्मभर खाल्ला, कुठे काय झालं? मध्यंतरी मुलीला शाळेत उलट्या झाल्या होत्या, डबा खाल्ल्यावर दोनेक तासांत, त्या भातामुळेच का? आणि गरम भात फ्रीजमध्ये ठेवला की फ्रीज बिघडतो हे खरं का? खायचा की टाकायचा ते एका वाक्यात सांगा हो."

तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगं करते. एका वाक्यात हवंय ना, तर घे: रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकायचा आणि जेवणं झाल्या झाल्या फ्रीजमध्ये गेलेला भात दुसऱ्या दिवशी बिनघोर खायचा. म्हणजे सासरेही थोडे बरोबर आणि नवराही थोडा बरोबर. फक्त दोघंही भात कधी शिजवलाय तेवढंच बघतायत, मधले तास तो कुठे होता हे कुणीच विचारत नाहीये, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी सासऱ्यांचं घेऊ, कारण "गरम केलं की सगळं मरतं" हे ऐकायला एकदम पटतं. बाकी बऱ्याच बाबतीत ते खरंही आहे, पण भाताच्या बाबतीत दोन ठिकाणी फसतं. तांदूळ शेतातून येतो आणि मातीत बॅसिलस सीरियस नावाचा एक जंतू सर्रास असतो. परिस्थिती बिकट झाली की हा जंतू बीजाणू होऊन बसतो, म्हणजे कडक कवच घेऊन झोपून जातो, आणि हे बीजाणू कोरड्या तांदळावर महिनोन्महिने तसेच राहतात, तांदूळ धुतल्याने जात नाहीत आणि 100 अंशांच्या उकळत्या पाण्यातही सगळेच्या सगळे मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने त्यांची झोपच मोडते. त्यात उकळताना बाकीचे साधे जंतू मरून गेलेले असतात, म्हणजे स्पर्धेला कोणी नाही, समोर ओलसर, पिठूळ, कोमट भात, आणखी काय पाहिजे. कुकरमध्ये तापमान 100 च्या वर जातं त्यामुळे तिथे बीजाणू आणखी कमी होतात हे खरं, पण झाकण उघडल्यावर चमचा, हात, हवा सगळं लागतंच, तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांच्या भरवशावर भात रात्रभर बाहेर ठेवू नये.

आता तुझ्या ओट्यावर काय होतं बघ. रात्री नऊला भांडं झाकून ठेवलंस. खोल भांडं, गच्च भात, वर झाकण, म्हणजे वरचा थर गार लागला तरी मधला गोळा कितीतरी वेळ कोमट राहतो (एकदा मधोमध बोट घालून बघ). 50 अंशांच्या खाली आलं की बीजाणूंतून जंतू बाहेर पडून वाढायला लागतात आणि 30 अंशांच्या आसपास तर साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात. सकाळी सहापर्यंत नऊ तास. त्यातला एक तास गार होण्याचा आणि जाग येण्याचा म्हणून सोडून दिला तरी उरले आठ तास, म्हणजे 16 वेळा दुप्पट. एकापासून सुरुवात केलीस तर 65 हजारांच्या वर गेलीस. प्रत्यक्षात इतकं आकडेमोडीसारखं काटेकोर नसतं, पण वाढ कशी पळते याची कल्पना यावी.

आणि सकाळी तू तो भात परततेस तेव्हा हे वाढलेले जंतू बहुतेक मरतात. इथे सासरे बरोबर. पण रात्रभरात त्यातल्या काही जातींनी भातात एक विष सोडलेलं असू शकतं, सीरुलाइड त्याचं नाव, आणि हे विष म्हणजे जिवंत काही नाही, नुसतं रसायन आहे, त्यामुळे मरायचा प्रश्नच येत नाही. प्रयोगशाळेत ते 121 अंशांना दीड तास ठेवूनही टिकलेलं आहे. तुझी कढई, मायक्रोवेव्ह, कुकर, कशानेच ते जाणार नाही. जंतू मेला तरी त्याने केलेली घाण मागे राहते, एवढं सासऱ्यांना सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

"जन्मभर खाल्ला, काही झालं नाही" यातही खोटं काही नाही. प्रत्येक भातात विष करणारी जात असतेच असं नाही, थंड हवेत वाढ मंद होते, कधी भात थोडाच उरतो आणि पटकन गार होतो. आणि झालं तरी बहुतेक वेळा काय होतं, एक-दोन उलट्या, दिवसभर पोटात कसंतरी, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, मग कोण कशाला भाताचं नाव घेणार, पित्त झालं म्हणून सोडून देतात. 1971 च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेस्टॉरंटमधला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या तेव्हा कुठे या गोष्टीकडे नीट लक्ष गेलं. तिथेही प्रकार हाच, मोठ्या प्रमाणावर भात शिजवायचा, मोकळा राहावा म्हणून फ्रीजमध्ये न ठेवता तसाच बाहेर ठेवायचा आणि ऑर्डर आली की परतून द्यायचा.

नवऱ्याचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण तू लिहिलंयस त्यावरून कुठली केस असणार त्याचा अंदाज येतो, कारण 2023 मध्ये ती सोशल मीडियावर जोरात फिरत होती. घटना खरी आहे, 2008 ची, बेल्जियममधली, 20 वर्षांचा विद्यार्थी होता. पण त्याने भात खाल्लाच नव्हता, स्पॅगेटी खाल्ली होती, टोमॅटो सॉसमधली, आणि ती 5 दिवस स्वयंपाकघरात बाहेर पडून होती. पाच दिवस! त्याचं लिव्हर निकामी झालं आणि रात्रीतच तो गेला. डॉक्टरांनी त्याच्यावर पेपर लिहिला तोच मुळी असं फार क्वचित घडतं म्हणून. जंतू तोच, विषही तेच, तेव्हा घाबरवणारं आहे खरं, पण त्यावरून काल रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला वाटीभर भात विष झाला असं काढणं म्हणजे अतीच. बाकी त्या केसमधून घेण्यासारखी गोष्ट ही की हे फक्त भाताचं दुखणं नाही, पास्ता, नूडल्स, उकडलेले बटाटे, पिठूळ शिजवलेलं काहीही बाहेर राहिलं की हेच.

वास घेऊन ठरवते असं लिहिलं नाहीयेस, पण घेत असशीलच, आपण सगळेच घेतो. भात आंबूस लागला, बोटांना तार आली, तर टाकायचाच, ते वेगळ्या जंतूंचं काम. पण सीरुलाइडला वास नाही, चव नाही, रंग नाही. त्यामुळे वास आला तर टाक, वास नाही आला म्हणून पास मात्र करू नकोस.

आता करायचं काय, ते सगळं रात्रीच आहे, सकाळी करण्यासारखं काही उरतच नाही. जेवणं आटोपली की भांडी घासायला घेण्याआधी भात काढायचा. भांड्यातून परातीत किंवा ताटात पातळ पसरायचा, दोन बोटांपेक्षा जाड थर नको, आणि दहा-वीस मिनिटं वाफ जाऊ द्यायची, पंखा असेल तर पंख्याखाली. घाईत असशील तर भांडंच गार पाण्याच्या टबात बसवून भात खालीवर करत राहा. हाताला कोमट लागला की उथळ डब्यांत भरून सरळ फ्रीजमध्ये. पूर्ण थंडगार व्हायची वाट बघायची नाही, कारण वाट बघता बघता आपण झोपून जातो आणि भात तिथेच राहतो, निम्म्या घरांत हेच होत असेल. फ्रीज बिघडतो का, तर नाही. उकळतं, काठोकाठ भरलेलं पातेलं आत ढकललंस तर शेजारचं दूध-बिध तापेल आणि पातेल्याच्या मधला भात तासन् तास कोमट राहील, म्हणून ते करायचं नाही, पण दोन लहान डबे कोमट भात आत गेल्याने आजकालच्या फ्रीजला काही होत नाही. फक्त आतलं तापमान 4-5 अंशांच्या वर नको. फ्रीज गच्च भरलेला असेल, दार सारखं उघडत असेल, तर आत 8-10 अंशही असू शकतात आणि आपल्याला पत्ता नसतो, तेव्हा एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघ.

किती वेळात आत जायला हवा यावर वेगवेगळे आकडे वाचशील. अमेरिकेचं कृषी खातं म्हणतं शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त नको आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासच, फ्रीजमध्ये मग 3-4 दिवस चालेल. ब्रिटनवाले भाताच्या बाबतीत जास्त कडक, 1 तासात गार करा, 24 तासांत संपवा, एकदाच गरम करा. मला विचारशील तर तासाभरात आत जाईल असं धोरण ठेव, दोन तास ही शेवटची हद्द, आणि हे सगळे तास मिळून धरायचे बरं का, ताटात वाढून टेबलावर अर्धा तास राहिला तोही त्यातच. सासरे आणि लेक यांच्यासाठी 24 तासांचा नियम पाळ, कारण वय झालेली माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, लिव्हरचं किंवा प्रतिकारशक्तीचं दुखणं असलेली माणसं यांना त्रास झाला तर जास्त होतो. तू आणि नवरा धडधाकट असाल तर दुसऱ्या दिवशीचा भात तिसऱ्या दिवशी खाल्लात म्हणून मी ओरडणार नाही. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीजर, एका वेळेपुरत्या पिशव्या चपट्या करून. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून बाहेर काढल्यावर ओट्यावर वितळत ठेवायचा नाही, थेट कढईत किंवा मायक्रोवेव्हमध्ये.

गरम करताना एक चमचा पाणी शिंपड, झाक, मध्येच एकदा हलव, आणि अगदी मधल्या शितापर्यंत वाफ आली पाहिजे, 74 अंश म्हणतात ते तेच. लागेल तेवढाच काढून गरम कर. एकदा गरम केलेला परत फ्रीजमध्ये आणि परत गरम असं करायचं नाही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट होती जी तू विचारलीच नाहीस, मुलीचा डबा. समजा भात रात्री व्यवस्थित फ्रीजमध्ये गेला, सकाळी सहाला गरम केलास, डब्यात भरलास, आणि मधली सुट्टी अकराला. झाले की परत पाच तास कोमट, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात दप्तराच्या आत! सासऱ्यांचा नाश्ता गरम केल्या केल्या पोटात जातो, लेकीचा भात मात्र रात्री ओट्यावर आणि मग दप्तरात असा दोनदा बाहेर राहत होता. मी तर म्हणते उरलेला भात घरीच नाश्त्याला संपवा आणि डब्यात दुसरं काहीतरी द्या, भांडणच नको. तिला भातच आवडत असेल तर खरोखर गरम ठेवणारा थर्मासचा डबा घे, आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेव, ते ओत आणि मग वाफाळता भात भर. एकदा सुट्टीच्या दिवशी घरी करून बघ, पाच तासांनी उघडल्यावर चटका बसेल इतका गरम असला पाहिजे, 60 अंशांच्या वर, नुसता कोमट असेल तर तो डबा या कामाचा नाही.

त्या दिवशीच्या उलट्या भातामुळेच का, तर वेळ जुळते. सीरुलाइडचा त्रास खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते सहा तासांत सुरू होतो, उलट्या मुख्य, ताप सहसा नाही, आणि दिवसभरात थांबतो. याच जंतूचा दुसरा प्रकारही आहे, त्यात जंतू पोटात गेल्यावर आतड्यात विष तयार होतं, म्हणून तो उशिरा सुरू होतो, 6 ते 15 तासांनी, आणि त्यात पोटात कळा आणि जुलाब. पण मुलांना उलट्या व्हायला व्हायरस पुरतो, शाळेत तर साथच असते, त्यामुळे इतक्या दिवसांनी नुसत्या वेळेवरून भातावर शिक्का मारता येत नाही आणि तुही स्वतःला दोष देत बसू नकोस. त्या दिवशी वर्गात आणखी कुणाला झालं होतं का एवढं तिला विचार, असेल तर भात बहुतेक निर्दोष.

परत कधी असं झालं तर ओआरएसचे घोट, एकदम ग्लासभर नको, चमच्या-चमच्याने. अँटिबायोटिक मनाने देऊ नकोस, विषावर त्याचा उपयोग नाही. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, पोर गळून गेलं किंवा झोपाळू, गोंधळलेलं वाटलं, शौचात रक्त, जोराचा ताप, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, डॉक्टर. सासऱ्यांच्या बाबतीत आणखी लवकर, कारण शुगरची औषधं चालू आणि पोटात काही राहत नाही हे एकत्र आलं की साखर घसरू शकते.

राहिला सासऱ्यांचा रुसवा. अगं, कचऱ्यात लपवून टाकणं आधी बंद कर, त्यांना भात टाकल्याचं जेवढं लागलं असेल ना त्याच्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागलं असेल. बसून सांग की बाबा, मला पण टाकायचा नाहीये, फक्त तो रात्री आत गेला पाहिजे. आणि जमलं तर ते कामच त्यांच्याकडे दे. तुम्ही दोघं जेवणानंतर दमलेले असता, त्यांना वेळ असतो आणि अन्न वाया जाऊ नये याची सगळ्यात जास्त कळकळही त्यांनाच आहे, भात पसरायचा, डब्यात भरायचा, वर तारीख टाकायची, एवढंच. जो कधी रात्रभर बाहेर राहिलाच तो खताच्या कुंडीत, कुत्र्या-मांजरांना नको, त्यांनाही बाधतो. रोजच उरत असेल तर तांदूळच मूठभर कमी लाव, हे तुला मी सांगायला नको.

त्यांना पटवायला एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. भात थंड झाला की त्यातला काही स्टार्च असा बदलतो की तो सहज पचत नाही, त्यामुळे साखर जरा कमी चढते. 2015 च्या एका छोट्या अभ्यासात 24 तास 4 अंशांना ठेवून परत गरम केलेल्या भाताने ताज्या भातापेक्षा साखर कमी चढली होती. म्हणजे शुगरवाल्या माणसाला उरलेला भात बरा हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण तो भात 4 अंशांना होता, फ्रीजमध्ये, ओट्यावर नव्हता. फरक थोडाच असतो, निम्मी वाटी जास्त खाल्ली की गेला, तेव्हा त्याच्या जोरावर गोळी कमी करायचं त्यांच्या डोक्यात आलं तर आधी डॉक्टरांना फोन करायला लाव.